लिमोजीरावांची पुढची सीट

रंगनाथराव काकडे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं कौतुक गौरवग्रंथात शोभावं म्हणून केलंय असा संशय कुणाला यायला नको. शहराला सगळे औरंगाबाद म्हणायचे ते दिवस. माझ्या पुतणीचं लग्न होतं, सकाळचा मुहूर्त, सिडकोतलं कार्यालय. नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मिरवत आणायला आम्ही ती लांबलचक काळी गाडी ठरवली होती. मी कॉलेजात इतिहास शिकवणारा, त्यात नवरीचा काका, अंगावर कोरा करकरीत कुर्ता. ऐटीत पुढचं दार उघडून मी आत पाय टाकणार, तोच स्टेअरिंगमागून आवाज आला.

"सर, ती शीट तुमची नाय."

"मग कुणाची?"

"घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणा. त्याच्याबिगर ही गाडी हालत नसती."

मी काय काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. पण रंगनाथराव शांतपणे आरसा पुसत बसले होते. बँडवाले खोळंबले, नवरदेवाचे मित्र माझ्याकडे बघून हसायला लागले, आणि अखेर आमच्या माईआत्यांना खुर्चीसकट उचलून आणावं लागलं. माईआत्यांना वरातीत कुणी बोलवलं त्याला जमाना झाला होता. गाडी पावलापावलाने निघाली आणि मी खिडकीशेजारून चालत असताना रंगनाथरावांचा एकच प्रश्न ऐकला: "आजी, तुमच्या घरी तेल कुठून यायचं?" बस्स! माईआत्या जे बोलायला लागल्या ते कार्यालय आलं तरी उतरायला तयार होईनात. तेलाचा बुधला, घाण्यावरची रांग, डोक्याला तेल कमी पडलं म्हणून झालेली भावजयांची भांडणं, असं कितीतरी त्यांच्या तोंडून बाहेर पडत होतं. इतिहासाचा प्राध्यापक मी, आणि माझ्या घरातला हा इतिहास मी पहिल्यांदा ऐकत होतो, तोही खिडकीबाहेरून, बँडच्या गोंगाटात. त्या दिवसापासून मी त्यांना अण्णा म्हणू लागलो.

बाकी सगळं गाव त्यांना लिमोजीराव म्हणतं, त्याचाही किस्सा सांगितलाच पाहिजे. परदेशातून लग्नाला आलेल्या एका नवरदेवाने गाडी पाहून "अरे, ही तर लिमोझिन!" असं म्हटलं. अण्णांना तो शब्द भारी आवडला. त्यांनी पेंटरला बोलावून घरावर पाटी लिहून घेतली. पेंटरने आपल्या कानाप्रमाणे वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत 'लिमोजी' लिहिलं, जागा संपली म्हणून उरलेला 'न' खाली आणला, आणि पाटी तयार झाली: 'लिमोजी / न भाड्याने मिळेल'. लोक येऊन विचारायचे, "हे लिमोजी कोण? आणि ते भाड्याने का मिळत नाहीत?" मालोजी, शहाजी, तसे हे लिमोजी! अण्णांनी पाटी कधीच बदलली नाही. लग्नपत्रिकेवर 'श्री. लिमोजीराव काकडे, सहकुटुंब' असं लिहून आलेली आमंत्रणं त्यांनी जपून ठेवली आहेत.

या गाडीचा आणि अण्णांच्या गावाचा इतिहास एकच आहे. गंगापूर रस्त्यावरचं त्यांचं वडगाव. आपल्याकडे वडगावं पायलीला पन्नास, म्हणून एसटीचे कंडक्टर 'तेलाचं वडगाव' असं पुकारायचे. आधी तिथे बैलांचे घाणे होते. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर एक जहागीरदार घरदार आवरून हैदराबादला गेले, जाताना त्यांनी ही विलायती गाडी वडगावच्या एका शेठजींना दिली, आणि त्याच शेठजींनी गावात इंजिनावर चालणारी तेलाची गिरणी काढली. करडई, शेंगदाणा, सरकी. अख्ख्या पंचक्रोशीच्या भाकरीवर वडगावचं तेल. अण्णा सांगतात, गावातली कुत्रीसुद्धा तुकतुकीत असायची! अण्णांचे वडील लक्ष्मणराव शेठजींच्या या गाडीवर ड्रायव्हर होते. पुढे गिरणीला आग लागली, गिरणी बसली, शेठजी गाव सोडून गेले आणि जाताना गाडी लक्ष्मणरावांच्या दारात उभी करून गेले. अण्णा त्या वेळी लष्करात गाड्या चालवत होते. ते परतले तेव्हा वडील थकले होते आणि गाडीत कोंबड्या अंडी घालत होत्या.

ती गाडी त्यांनी ज्या जिद्दीने उभी केली त्याला तोड नाही. वरातीची गाडी चालवणं हे फार कठीण काम आहे, हे मला अण्णांमुळे कळलं. जोरात कुणीही चालवतं हो! बँडच्या मागे माणसाच्या चालीने तासभर गाडी नेताना क्लच जळतो, पाणी उकळतं, इंजिन रुसतं. अण्णांनी स्टेशन रोडच्या गॅरेजात खटपट करून गाडीला ट्रकचा पंखा बसवला, डिकीत पाण्याचे दोन कॅन कायमचे ठेवले. बॉनेटवर चढून नाचणाऱ्याला ते आधी नमस्कार करतात आणि मग गाडी बंद करतात. प्रचाराच्या मिरवणुकीला त्यांनी गाडी कधी दिली नाही. मोठमोठी माणसं दारात येऊन गेली, पण अण्णांनी प्रत्येकाला पाटी दाखवली. "वाचा की. न भाड्याने मिळेल."

मात्र एकदा सोयगावकडचं एक शेतकरी कुटुंब आलं. त्यांच्या वडिलांना खोट्या आरोपातून कोर्टाने निर्दोष सोडलं होतं, त्यांना हर्सूलच्या तुरुंगातून घरी न्यायचं होतं. एखादी जीप मिळेल का, एवढंच ते विचारत होते. अण्णांनी लांब गाडी काढली, पुसून लख्ख केली आणि भर दुपारी तुरुंगाच्या दाराशी नेऊन उभी केली. ते गृहस्थ बिचारे आडरस्त्याने चला म्हणत होते. अण्णा म्हणाले, "दादा, तुम्ही काय केलं नाय ना? मग बाजारपेठेतून जायचं." आणि त्यांनी गाडी वरातीच्याच चालीने सोयगावच्या बाजारपेठेतून नेली.

आता मला माझ्या चुकीकडे यायला हवं. ते टाळून हा लेख लिहिला तर अण्णा मला पुन्हा गाडीच्या दारातून परत पाठवतील.

वडगावच्या ग्रामपंचायतीने मला गावाचा छोटासा इतिहास लिहायला सांगितला आणि मी तो मोठ्या उत्साहाने लिहिला. त्यात गिरणीच्या आगीबद्दल एक परिच्छेद होता. इंजिन सांभाळणारे सोपान मिस्त्री चालू इंजिन सोडून झोपले, पट्टा घासून ठिणगी पडली, सरकीच्या गोदामाने पेट घेतला आणि गावाची भाकरी गेली, असं मी लिहिलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. वडगावात कुणी हलगर्जीपणा केला की त्याला 'सोपानकी' म्हणतात. दूध उतू गेलं, सोपानकी. दाराला कडी घालायची राहिली, सोपानकी. मला त्या शब्दाचा कोण आनंद झाला होता! माणसाच्या नावावरून शब्द कसा घडतो, हे मी पुस्तकात रंगवून सांगितलं, वर्गात मुलांना सांगितलं, टाळ्या घेतल्या. त्या माणसाला सुमन नावाची मुलगी आहे, ती जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नर्स होती आणि निवृत्त होऊन गंगापूरला राहते, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही वाटलं नाही.

पुस्तक निघाल्यावर काही दिवसांनी, दुपारची वेळ होती, अण्णा समर्थनगरला माझ्या घरी आले. चहाला नको म्हणाले. पुस्तक उघडून त्यांनी त्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"सर, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गावात सगळेच सांगतात."

"सगळे म्हंजी कोण? एक नाव सांगा."

मी पुन्हा 'गावकरी' एवढंच म्हणालो. अण्णांनी मग पिशवीतून आपली वही काढली. पुढच्या सीटवर बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं नाव, गाव आणि त्याने सांगितलेलं तेलाचं सगळं त्या वहीत होतं. मी ती पानामागून पान वाचत गेलो. मी आयुष्यभर ज्याला साधनं म्हणत आलो, ती या माणसाने एका हाताने स्टेअरिंग धरून गोळा केली होती!

झालं होतं ते असं. एका वरातीत पुढच्या सीटवर मालनबाई नावाच्या आजी बसल्या होत्या. अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "तेल इचारतोस व्हय? आरं, तेल जळलं त्या दिशी हीच गाडी आमच्या शेतापाशी पुलावर बंद पडली व्हती. सोपान मिस्त्री गाडीखाली निजून काम करत व्हता. म्याच त्याला पाणी दिलं. वर बघतो तर वडगावाकडं धूर. तसाच पळाला बिचारा, चपला बी इथंच इसरला."

"गाडी कोण चालवत होतं, आजी?"

"कोण म्हंजी? तुझा बाप."

अण्णांच्या हातून गाडी बंद पडली. वरातीत त्यांची गाडी बंद पडली ती त्या एकाच वेळी. बँड पुढे निघून गेला तरी ते तसेच बसून राहिले होते. आगीच्या दिवशी शेठजींच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेवाला आणायला निघालेली गाडी कुरकुर करत होती, म्हणून शेठजींनी इंजिन चालूच ठेवायला सांगून मिस्त्रींना गाडीबरोबर धाडलं होतं. आग लागल्यावर सोपान मिस्त्री शेतातून धावत आले, तेलाने आणि काजळीने माखले, आणि लोकांनी त्यांना तशाच अवस्थेत गिरणीत पाहिलं. शेठजी म्हणाले, मिस्त्री इथेच झोपला होता. लक्ष्मणराव काहीच बोलले नाहीत.

मी असतो तर त्याच संध्याकाळी गावभर सांगत सुटलो असतो. किंवा, आपले वडील म्हणून, वहीतलं ते पान फाडलं असतं. अण्णांनी दोन्ही केलं नाही. ते मला म्हणाले, "सर, एकानं म्हटलं म्हणून माणूस चोर झाला. आता एकीनं म्हटलं म्हणून साव कसा करू? तीन माणसं पाहिजेत, एकमेकाला न वळखणारी." त्यासाठी ते काही वर्षं थांबले, पुढच्या सीटवर माणसं बसवत राहिले आणि आपल्या तोंडून सोपान हे नाव एकदाही काढलं नाही. दुसरे भेटले ते एक निवृत्त कंडक्टर, ज्यांची बस त्या पुलावर गाडीमागे अडकली होती. तिसरे अगदी अलीकडे भेटले, सायकलवर तेलाचे डबे विकणारे चाँदभाई. नातवाच्या लग्नात ते पुढच्या सीटवर बसले आणि आपणहून म्हणाले, "मियाँ, ये गाडी के नीचे से सोपान मिस्त्री कू मैं खुद निकलते देखा. बोल्या, चाँद, मेरा इंजिन जलरा. हौर भाग्या." अण्णांनी मग आपल्या आईला विचारलं. माय एवढंच म्हणाल्या, "तुझा बाप सोपानच्या घरापुढून कधीच गाडी नेत नव्हता. लांबून वळसा घालायचा. मी इचारलं तर बोलत नव्हता."

वही मिटून अण्णा माझ्याकडे वळले. "सर, पुस्तक सुधरा. आणि माझ्या बापाचं नाव पण लिहा. लक्ष्मण ड्रायव्हरला माहीत होतं आणि तो बोलला नाय, असं लिहा."

"अण्णा, वडिलांचं नाव गाळलं तरी चालेल. शेठजींचं आहेच की."

"मग गेलेल्या मिस्त्रीचं नाव कसं चाललं हो तुम्हाला?"

आजवर विद्यापीठात मी कितीतरी परीक्षक पाहिले, पण मला नापास करणारे हे एकटेच.

आम्ही दोघे गंगापूरला सुमनताईंकडे गेलो. त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. रडल्या नाहीत. वडिलांना त्या दादा म्हणायच्या. म्हणाल्या, "दादा हेच सांगत होते. मरेपर्यंत हेच सांगत होते, मी पुलावर होतो, मी पुलावर होतो. शेवटी शेवटी आम्ही घरातलेच म्हणायचो, बास करा आता." मग त्या खाली बसल्या. माझ्या पुस्तकाची प्रत त्यांच्या कपाटात होती. तो परिच्छेद त्यांनी पेनाने खोडलेला नव्हता. "खोडून काय होतंय?" त्या म्हणाल्या. "मी ड्युटीवर असताना कुणाची सुई चुकली की नर्सा हसायच्या, सोपानकी झाली म्हणून. त्यांना माहीत बी नव्हतं मी कुणाची ते. सर, पुस्तक कोण वाचतंय? गावात म्हणा. मोठ्यानं म्हणा."

आणि अण्णांनी ते करून दाखवलं! आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी, वडगावच्या वेशीतून लांब गाडी आत आली. टपावर भोंगा, मागे मी, हातात दुरुस्तीचा कागद. पुढच्या सीटवर सुमनताई. गावात त्यांच्याहून म्हातारी माणसं होती, पण त्या दिवशी कुणी वाद घातला नाही. प्रत्येक चौकात गाडी थांबायची, मी कागद वाचायचो, मी काय चुकीचं लिहिलं आणि खरं काय घडलं ते. माझा आवाज फाटला होता, पण असं व्याख्यान मी आयुष्यात दिलं नव्हतं. मग अण्णा माईक हातात घेऊन एवढंच म्हणायचे: "सोपान मिस्त्री इंजिनावर नव्हते. ते या गाडीखाली होते. माझ्या वडलांना ठाऊक होतं. ते बोलले नाहीत. मी बोलतोय." भाजी विकणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कुरकुर केली, "जाऊ द्या ना, आता कशाला उकरून काढता?" अण्णा गाडीतूनच म्हणाले, "बाबा, गाडलं कुणी व्हतं?" मग गाडी सोपान मिस्त्रींच्या घराच्या गल्लीत वळली. गल्ली अरुंद, गाडी लांब, दोन्ही बाजूंनी वीतभर जागा. अण्णांनी एकही ओरखडा न लागू देता गाडी त्या घरापुढे नेली आणि इंजिन बंद केलं. सुमनताईंनी आतून दाराच्या मुठीला हात घातला. अण्णांनी उतरून ते उघडलं.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली आहे. त्यात लक्ष्मणरावांचं नाव आहे आणि प्रस्तावनेत माझीही चूक आहे. अण्णांच्या वहीतला तेलाचा सगळा इतिहासही आता पुस्तकात आला आहे, सांगणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या नावासकट.

अण्णा पंच्याहत्तर वर्षांचे झाले. शतायुषी व्हा असं म्हणण्याची रीत आहे आणि मीही मनापासून म्हणतो. पण मला त्यांचं आयुष्य एका कामासाठी हवं आहे. पुस्तक सुधारायला सहा महिने लागले, तोंडातला शब्द एवढ्यात जात नाही. गेल्याच महिन्यात वडगावच्या एका वरातीत नवरदेवाचा मित्र बँडवाल्यावर ओरडला, "काय सोपानकी लावलीय रे?" अण्णांनी तिथल्या तिथे गाडी बंद केली, खाली उतरले, त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. मुहूर्त टळत होता. बँड थांबला होता. आणि ऐकून झाल्यावर तो तरुण स्वतःहून मोठ्याने म्हणाला, "चुकलं." तेव्हा कुठे गाडी हलली.

अण्णा, तुमचे डोळे शाबूत राहोत, गुडघे साथ देवोत, क्लचवरचा पाय हलका राहो. वडगावात तो शब्द म्हणणारं शेवटचं माणूस तुम्हाला भेटेपर्यंत तरी तुम्ही आम्हाला हवे आहात.